सार्वमतात पक्ष प्रचाराचा मुद्दा कसा निवडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी संध्याकाळी अभ्यासिकेतून उठून येतात आणि 'सर, ब्रेक्झिटला लोकांनी हो का म्हटलं?' (म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याला) इथून सुरुवात होते. बचत गटातल्या बायका येतात त्या गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठीच्या 'आडवी बाटली' मतदानाबद्दल विचारायला. दोघांना एकच गोष्ट समजून घ्यायची असते, ती म्हणजे अशा मतदानात प्रचाराचा मुद्दा कसा निवडतात, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सार्वमत आणि निवडणूक यात फरक काय?

निवडणुकीत माणूस किंवा पक्ष निवडायचा असतो. सार्वमतात एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: हो की नाही, हे की ते. निवडणुकीत जात, भावकी, चिन्ह, मागच्या पाच वर्षांचा हिशोब असं बरंच काही मतदाराच्या हाताशी असतं. सार्वमतात पुष्कळदा प्रश्नच नवा असतो. माणूस शेवटच्या आठवड्यापर्यंत डळमळतो आणि म्हणून प्रचाराला निवडणुकीपेक्षा जास्त वाव मिळतो.

भारतात सार्वमत झालंय का? आणि मराठवाड्यात?

आपल्या राज्यघटनेत देशभर सार्वमत घेण्याची तरतूद नाही. तरी तीन ठिकाणची नावं तोंडपाठ ठेवा. जुनागढ, २० फेब्रुवारी १९४८: सुमारे १ लाख ९० हजार मतं पडली, त्यांतली पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१. गोवा, दमण आणि दीव, १६ जानेवारी १९६७. सिक्कीम, १४ एप्रिल १९७५: राजेशाही संपली.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. यातल्या कोणत्याही टप्प्यावर लोकांपुढे मतपेटी ठेवली गेली नाही.

गावपातळीवर मात्र महाराष्ट्रात खरंखुरं सार्वमत होतं, आणि ते आपल्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की दारूच्या दुकानाबद्दल गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद.

पक्ष मुद्दा ठरवायला सुरुवात कुठून करतात? आपल्या विचारधारेपासून?

नाही, आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच चुकतात. सुरुवात होते मतदारांच्या मोजणीपासून. पक्के 'हो' किती, पक्के 'नाही' किती, आणि मधे किती. पक्क्यांना फक्त मतदान केंद्रापर्यंत आणायचं असतं. मुद्दा ठरतो तो मधल्यांसाठी. मग या मधल्या लोकांशी बोलणं होतं, सर्वेक्षणातून किंवा दहा-बारा जणांना एका खोलीत बसवून. त्यांना काय पटतं हे विचारतात, पण कान असतो तो त्यांना अडतं कुठे याकडे.

माझ्या समजुतीप्रमाणे चांगला प्रचारमुद्दा म्हणजे मधल्या माणसाला न लाजवता बाजू बदलू देणारी वाट. प्रश्न मतपत्रिकेवर एकच छापलेला असतो. लढाई होते ती 'हा प्रश्न नेमका कशाबद्दल आहे' यावर. ज्याने ते ठरवलं, त्याचं अर्धं काम झालं.

याचं एखादं ठळक उदाहरण?

चिली, ५ ऑक्टोबर १९८८. हुकूमशहा पिनोशे यांनी आणखी आठ वर्षं सत्तेत राहावं का, असा प्रश्न होता. दोन्ही बाजूंना दूरदर्शनवर रोज रात्री १५-१५ मिनिटं मिळाली. विरोधकांकडे सांगण्यासारखं भयंकर खूप होतं: छळ, बेपत्ता माणसं, खून. तेच सांगावं, असं अनेक नेत्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. पण मधले मतदार घाबरलेले होते. मतदानाने काही बदलतं यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांना पुन्हा तेच भय दाखवलं असतं, तर ते घरातच बसले असते. म्हणून मोहिमेने इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं आणि 'आनंद येतो आहे' असा सूर लावला. अन्यायाच्या गोष्टी त्या कार्यक्रमांत होत्याच, पण पुढे होती उद्याची आशा. 'नाही'ला सुमारे ५६ टक्के मतं पडली.

पीडितांच्या घरच्यांना हे पचवणं सोपं गेलं नसणार. मुद्दा निवडताना खरं दुःखसुद्धा मागच्या रांगेत ठेवावं लागतं. वर्गात हे शिकवताना दरवेळी मी इथे थांबतो.

'नाही' म्हणणाऱ्यांचं काम सोपं असतं का?

बहुतेकदा, हो. 'हो'वाल्यांना एकच बदल सगळ्यांच्या गळी उतरवायचा असतो. 'नाही'वाल्यांना वेगवेगळ्या कारणांची मोट बांधता येते. ऑस्ट्रेलियात १९९९ ला ब्रिटनच्या राणीऐवजी संसदेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष हवा का, असं विचारलं गेलं. राणीचे समर्थक विरोधात होतेच. पण राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं म्हणणारे काही प्रजासत्ताकवादीही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघांना एकत्र बांधणारी ओळ सापडली ती 'राजकारण्यांचं प्रजासत्ताक नको'. राणीचं त्यात नावही नाही. जवळपास ५५ टक्के 'नाही' पडले.

'कळत नसेल तर नाही म्हणा' हा दुसरा हुकमी मुद्दा. आयर्लंडमध्ये २००८ साली युरोपीय संघाच्या लिस्बन कराराच्या वेळी तो वापरला गेला, ऑस्ट्रेलियात २०२३ साली मूळनिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणाऱ्या 'व्हॉइस' या सल्लागार मंडळाच्या प्रस्तावावेळी पुन्हा. दोन्हीकडे प्रस्ताव पडला. मला हा मुद्दा मनापासून खटकतो. कळत नसेल तर विचारा, वाचा, असं सांगायला हवं. पण तो चालतो, हे नाकारून उपयोग नाही.

मग ब्रेक्झिटमध्ये बदलाची बाजू कशी जिंकली?

कारण बदल हा परतफेडीसारखा मांडला गेला. 'ताबा परत मिळवा' या घोषणेत सगळा जोर 'परत'वर आहे. काही नवं करायचं नाही, हातातून गेलेलं आणायचं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं. शिवाय ताबा कशाचा, हे ज्याचं त्याने भरून घ्यायचं: सीमेचा, कायद्यांचा, मासेमारीचा, पैशाचा.

समोरच्या बाजूने आकडे दिले. ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं की बाहेर पडलं तर २०३० पर्यंत कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान होईल. ज्याच्या गावातला कारखाना वीस वर्षांपूर्वीच बंद पडलाय, त्याला हा आकडा दुसऱ्याच कुणाचा वाटतो. २०१४ साली स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात आर्थिक धोक्याचा मुद्दा चालला होता, म्हणून इथेही चालेल असं धरलं गेलं. २३ जून २०१६ ला ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल लागला.

त्या लाल बसवरचा आकडा खोटा होता ना? मग तो का वापरला?

'आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो' असं ब्रेक्झिटवाल्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं, आणि तो पैसा आरोग्यसेवेला द्या, असंही. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत होती आणि काही पैसा परतही येत होता. म्हणजे खरी रक्कम बरीच कमी. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला. तरी बस फिरत राहिली. कारण विरोधक जितक्या वेळा 'एवढे नाही, कमी' असं म्हणत, तितक्या वेळा लोकांच्या कानावर पडत होतं की पैसा जातो आहे.

खोडून काढण्याच्या नादात समोरच्याचाच मुद्दा आपण घरोघरी पोचवतो. हे वक्तृत्व स्पर्धेतल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागतं.

गोव्याचं काय? महाराष्ट्र का हरला?

हा प्रश्न आमच्याकडे हळहळत विचारला जातो. शांतपणे बघू.

दोन पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण (चिन्ह फूल) किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहणं (चिन्ह दोन पानं). दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष फुलाच्या बाजूने, डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष दोन पानांच्या बाजूने. नुसत्या हिशोबाने पाहिलं तर फुलाचं पारडं जड होतं, कारण बांदोडकर सत्तेत निवडून आलेले होते आणि बहुजन समाज त्यांच्या पाठीशी होता. कॅथलिक समाज अल्पसंख्य. त्याच्या एकट्याच्या बळावर दोन पानं जिंकणं शक्य नव्हतं.

म्हणून वेगळं राहू पाहणाऱ्यांना हिंदू बहुजन मतदारासाठी मुद्दा शोधावा लागला. धर्म आणि पक्ष बाजूला ठेवून प्रश्न असा फिरवला गेला: विलीन झालो तर आपल्या नोकऱ्या कुणाला मिळतील? मुंबईहून चालणाऱ्या राज्यात आपलं ऐकणार कोण? महाराष्ट्रात (तेव्हा) दारूबंदी आहे, मग माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्यांच्या पोटाचं काय? आपली कोकणी राहील का? 'राष्ट्रमत' हे दैनिक यासाठी मराठीत चालवलं गेलं, आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघरी वाचलं गेलं. कोकणीची बाजू मराठीतून मांडली, कारण ज्याला पटवायचं होतं तो मराठी वाचत होता. संदेश कसा निवडावा याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. आणि पुढच्या काही महिन्यांतच निवडणूक झाली, तर त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं. नेता आमचा, पण हा प्रश्न वेगळा, असं लोकांनी स्पष्ट सांगितलं. लोकांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्याने हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

नेत्याचा चेहरा पुढे करावा की नाही?

सार्वमतात तो घातक ठरू शकतो. इटलीत डिसेंबर २०१६ मध्ये घटनादुरुस्तीवर मतदान होतं. पंतप्रधान रेन्झी यांनी हरलो तर पायउतार होईन असं जाहीर केलं. त्यानंतर दुरुस्ती कुणी वाचायची? मतदान रेन्झींवरच झालं. ५९ टक्के 'नाही', आणि ते गेले.

पक्षातच दोन मतं असली तर काय करतात?

सार्वमतात हे नेहमीचं आहे. ब्रिटनमध्ये १९७५ ला मजूर पक्षाच्या आणि २०१६ ला हुजूर पक्षाच्या मंत्र्यांना उघडपणे एकमेकांविरुद्ध प्रचार करण्याची मोकळीक द्यावी लागली. आयर्लंडमध्ये २०१८ साली गर्भपातबंदीचं कलम रद्द करावं का या प्रश्नावर दोन्ही मोठ्या पक्षांनी आपल्या लोकप्रतिनिधींना ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं. अशा वेळी पक्षाचं नाव मागे ठेवून सर्वपक्षीय मंच उभा केला जातो. मंचाचा मुद्दाही मग असा निवडावा लागतो की व्यासपीठावरच्या कुणाचीच पंचाईत होऊ नये. आयर्लंडच्या 'हो' मंचाने हक्काची भाषा मागे ठेवून करुणा आणि काळजीची भाषा धरली, आणि बायकांनी स्वतःच्या कहाण्या सांगितल्या. ६६.४ टक्के 'हो' आले.

वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगतात का?

सर्रास. कोलंबियात २०१६ ला सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यातल्या शांतता करारावर सार्वमत झालं. 'नाही' मोहिमेच्या व्यवस्थापकाने निकालानंतर मुलाखतीतच सांगून टाकलं की लोकांनी चिडून मतदानाला यावं असा प्रयत्न होता. सुखवस्तू लोकांना बंडखोर शिक्षेविना सुटतील असं सांगितलं, गरीब वस्त्यांत सरकारी अनुदानांचा मुद्दा चालवला. 'नाही' ५०.२ टक्क्यांनी जिंकलं. ५० हून जास्त वर्षं चाललेल्या युद्धाचा प्रश्न, आणि फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. व्हॉट्सॲपमुळे हे काम आणखी सोपं झालंय, कारण एका गल्लीत काय सांगितलं ते दुसरीला कळतच नाही.

प्रश्नाचे शब्द कोण ठरवतं? त्याने फरक पडतो?

पडतो, म्हणून तर त्यावर भांडणं होतात. स्कॉटलंडमध्ये सरकारला 'तुम्ही सहमत आहात का' अशी सुरुवात हवी होती. निवडणूक आयोगाने ती काढायला लावली, कारण 'सहमत' शब्द 'हो'कडे ढकलतो. ब्रेक्झिटच्या वेळीही आयोगाच्या सांगण्यावरून 'हो/नाही' बदलून 'राहायचं/सोडायचं' असे पर्याय आले.

'मतदानालाच जाऊ नका' हाही प्रचार असतो का?

हो, आणि कधी कधी सगळ्यात परिणामकारक. इटलीत एखादा कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमतात निम्म्याहून जास्त मतदारांनी मतदान केलं तरच निकाल ग्राह्य धरतात. त्यामुळे विरोधक 'नाही म्हणा' असं सांगत नाहीत, 'घरी राहा' असं सांगतात. १९९१ साली क्राक्सी या नेत्याने लोकांना समुद्रावर जायचा सल्ला दिला होता. तेव्हा लोकांनी तो ऐकला नाही, पण अलीकडे बरीच सार्वमतं अशीच पडली आहेत.

आपल्याकडे बाटलीच्या मतदानात हेच होतं, आणि मला याची फार चीड आहे. निम्म्याची अट झालेल्या मतांवर नाही, यादीतल्या सगळ्या बायकांवर आहे. समजा गावात ८०० महिला मतदार आहेत. ४०१ मतं आडवीला हवीत. त्यांतल्या २५० जणी ऊसतोडीला कारखान्यावर गेल्या असल्या, तर उरलेल्या ५५० मधून ४०१ आणायची. जी फडात कोयता चालवतेय, तिची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. दुकानदाराच्या बाजूला पत्रकसुद्धा छापावं लागत नाही.

आमच्या गावात आडवी बाटलीची मागणी करायची आहे. मुद्दा काय ठेवावा?

आमच्या भागातल्या एका गावात मी हे जवळून पाहिलं, ते सांगतो.

बचत गटाच्या बायकांनी सुरुवातीला 'दारूने संसार मोडतात' असा फलक केला. सगळ्यांनी मान डोलावली, पण बैठकीला येणाऱ्या बायका वाढेनात. एके संध्याकाळी मारुतीच्या पारावर एक म्हातारी बोलली ते असं: 'तिथं आले की समद्यांना कळतं, माझ्या घरी पिणारा हाय.' तेव्हा उलगडा झाला. फलक खरा होता, पण ज्या बाईसाठी तो लिहिला, तिलाच तो चारचौघांत उघडं पाडत होता.

मग त्या घरोघर जाऊन फक्त ऐकत राहिल्या. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट यायला लागली. दुकान एसटी स्टँडच्या वाटेवर होतं. दहावीनंतर तालुक्याला जाणाऱ्या पोरींना रोज त्याच्यासमोरून जावं लागे, आणि त्यापायी दोन घरांनी पोरींचं कॉलेज बंद केलं होतं. नवा फलक आला: 'स्टँडची वाट मोकळी करा'. यात कुणाच्या नवऱ्यावर बोट नव्हतं. न पिणाऱ्यांच्या घरच्या बायका आल्या, पिणाऱ्यांच्या घरच्याही आल्या. दोन-चार पुरुषांनी तर स्वतः सह्या गोळा करायला मदत केली.

दुसरी अडचण चित्राची. 'आडवी' म्हणजे बंद, हे म्हाताऱ्या बायकांच्या ध्यानात राहीना. एक जण म्हणाली, आडवी म्हणजे आडवं येणारी, म्हणजे वाईटच की. तेव्हा गटातल्या एकीने पिशवीतून रिकामी बाटली काढली, ओट्यावर उभी केली, मग हाताने हळूच आडवी केली आणि म्हणाली, 'हिला निजवायची, माय.' पुढचे पंधरा दिवस ती बाटली प्रत्येक ओट्यावर निजवली गेली. कुणी 'आडवी' म्हणेना, सगळ्या 'निजवायची' म्हणू लागल्या.

म्हणून तुम्हीही फलक रंगवायच्या आधी आठ दिवस नुसतं ऐका. मागणीचा अर्ज अशा बेताने द्या की मतदान ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर पडेल. तारीख प्रशासन ठरवतं, पण अर्ज कधी द्यायचा हे तुमच्या हातात आहे. यादीतली मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं आधीच कमी करून घ्या, कारण तीही निम्म्याच्या हिशोबात धरली जातात. आणि ज्या बायका बाहेरगावी आहेत, त्यांच्या मुकादमाला विचारून त्या कधी येणार याची वहीत नोंद ठेवा. त्या गावात ही वही एका नववीतल्या पोरीकडे होती. मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून ती केंद्रापासून लांब, लिंबाखाली बसून एकेका नावापुढे टिक करत होती. दुपारी तीन वाजता अजून न आलेल्या ३१ बायकांची चिठ्ठी तिने गटाच्या अध्यक्षांच्या हातात दिली, आणि दोघी-तिघी उन्हातच तांड्याच्या दिशेने निघाल्या.